शिवम्माची किल्ली

"मठाची पायरी हे चिरंतन शांततेचे प्रतीक आहे."

सकाळपासून हे वाक्य वाचून वाचून गुरुसिद्ध तोडकर सरांचं डोकं उठलं होतं. बी.ए.च्या पेपर तपासणीचा हॉल, पुढ्यात गठ्ठा, आणि प्रत्येक पोरानं हेच लिहिलेलं. गंमत अशी की पायरी सरांचीच. त्यांच्या कादंबरीतली. शिवम्मा ही हुपरीची विधवा पैंजणांचा कारखाना चालवते, शेवटी दीर कारखान्याची किल्ली मागायला येतो, आणि पुढच्याच पानावर ती मठाच्या पायरीवर बसलेली.

"प्रतीक भारी काढलंय की न्हाय?" शेजारच्या खुर्चीतून उदयसिंह मोहिते ओरडले. तपासलेले पेपर पुन्हा बघणारे मॉडरेटर तेच, आणि पोरांनी पाठ केलेलं या कादंबरीचं गाईडही त्यांनीच लिहिलेलं. लपवत पण नव्हते.

"भारी हाय. मला म्हाईतच नव्हतं."

"तुम्ही लेखक. तुम्हाला काय कळतंय?"

सर हसले. पुस्तक लिहिताना ती पायरी का आली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढं काय करावं सुचत नव्हतं, म्हणून. पण कादंबरी अभ्यासाला लागली, समीक्षकांनी पाठ थोपटली, आणि सरांचा पण हळूहळू विश्वास बसला की आपण मोठं काहीतरी केलंय. दुसरी आवृत्ती आता छापखान्यात होती. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, सोमवारी मशीनवर चढणार होता.

पुढचा पेपर उघडला. अक्षर गिचमिड, पण वाक्य वेगळं.

"लेखक शेवटी शिवम्माला घाबरले असं मला वाटतं. पूर्ण पुस्तकभर ती तोंडानं फटकळ. आणि दीर दारात आल्यावर तिला बोलूच दिलं नाही, पायरीवर नेऊन बसवलं. किल्ली दिली का नाही, एवढंच मला पाहिजे होतं."

सरांचे कान गरम झाले. राग आला, मग राग गेला, आणि एकदम बरं वाटलं. पंधरापैकी तेरा टाकले.

उदयसिंहांनी पेपर ओढला. "येडं झालासा काय? प्रतीक न्हाय, करुण रस न्हाय, वर तुम्हालाच शिव्या! पाच द्या आणि मिटवा."

"तेराच."

"मी खोडणार."

"खोडा की. मग मी वरच्या सायबाला जाऊन सांगतो, कादंबरी माझी हाय आणि पोरगं बरोबर हाय. तुम्ही गाईड दाखवा."

उदयसिंहांनी पेपर परत सरकवला. तेरा तसेच राहिले.

सर उठले, खाली एसटीडी बूथवर जाऊन छापखान्याला फोन लावला. "हंबीरराव, शेवटचा फर्मा थांबवा."

"का वो सर? चूक सापडली?"

"शिवम्मा बोलणार हाय."

"कुणासंगं?"

"दिरासंगं."

"मंगळवारपर्यंतच बोलू दे. पुढं मशीन मोकळं न्हाय."

सर वर आले आणि सगळं सांगून टाकलं. उदयसिंहांनी चहाचा कप खाली ठेवला. "अवो, पायरी काढणार? माझ्या गाईडचं काय?"

"दुसरी आवृत्ती काढा. मी काढतोय की."

गठ्ठा बाजूला सारून सरांनी खिशातला कागद काढला. आता मात्र थांबावं लागलं नाही. दीर दारात उभा होता, आणि शिवम्मा तोंड उघडून मोकळी झाली:

"किल्ली घिऊन जावा की भावजी. कुलूप कालच बदललंय."