आखाजीच्या दिवशी उठलेलं मुसळ

मी एक जुनं मुसळ आहे. सध्या मुक्काम उकिरड्याच्या कडेला. मित्रांनो, परवा तुम्ही माझा घोडा करून खेळलात आणि तुमच्यातल्या एकाने विचारलं, एवढं चांगलं लाकूड इथे कोणी फेकलं? म्हणून सांगायला बसलो. फक्त माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. जन्मभर मी मारण्याचंच काम केलं आहे.

माझा जन्मही मार खाऊनच झाला. सातपुड्यातल्या एका खैरावर कुऱ्हाडी पडल्या, खोडाचे तुकडे बैलगाडीतून धरणगावच्या बाजारात आले. तिथे पुना सुताराने मला तासलं, रंध्याने गुळगुळीत केलं आणि तोंडाला लोखंडी कडं ठोकून बसवलं. त्या कड्याला वसवी म्हणतात. ती बसताना मी फुटता फुटता वाचलो. मग भिकुबाई मला खांद्यावर टाकून तिच्या खेड्यात घेऊन आली.

भिकुबाईचा नवरा लवकर गेला होता. मुलगा अभिमन आणि मुलगी सुंदर ही दोन लेकरं तिने माझ्या जोरावर वाढवली, असं मी म्हटलं तर ते बढाई मारणं होणार नाही. गावाची मिरची, हळद, मसाला आमच्याच उखळात कुटला जायचा. मिरची कुटायला लागलो की अख्खी गल्ली खोकायची, पण भाजी खाताना माझं नाव घ्यायची. लग्नघरी तर मला आंब्याची पानं बांधून माझी पूजा होई. सुंदरच्या लग्नात हळद कुटताना भिकुबाईच्या हाताशेजारी माझ्यावर शेजारच्या मंजुळाबाईचाही हात होता. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मंजुळाबाई आणि तिचा नवरा झुलाल यांचं घर आमच्या घराला लागून. मध्ये एकच मातीची भिंत. झुलाल मनाने वाईट नव्हता, पण जगात दुसऱ्यालाही कान असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बैलाशी बोलला तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं. खरकटं पाणी आमच्या ओट्यावर, बैल आमच्या दारात. मंजुळाबाई कोंबड्यांना हाक मारी तेव्हा कावळे उडत. भिकुबाई दिवसभर धुसफुसायची. पण पहाटे त्यांच्याच भिंतीला लागून ती मला दणादणा आपटायची, ते मात्र तिला कधी ऐकू आलं नाही. कुसळ-मुसळाच्या म्हणीत लोकांनी मला उगाच ओढलं आहे, पण त्या घरात ती म्हण खरी होती.

मग महायुद्धाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात सुंदर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पण बाळंतिणीला असा ताप भरला की तिचं दूध आटलं. बाळ भुकेने निळं पडायला लागलं. तेव्हा मंजुळाबाई कोणी न बोलावता आत आली. तिची स्वतःची मुलगी अंगावर पीत होती. तिने सुंदरचं बाळ उचललं आणि पदराखाली घेतलं. त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. बाळ वाचलं ते तिच्या दुधावर. वैद्य म्हणाला, आता सुंदरला झोप मिळाली तर तीही वाचेल.

आणि नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आपल्याकडचा हा मोठा सण. झाडांना झोके, पुरुषांना पत्ते. गौराई घेऊन पोरी नदीवर गेल्या की दोन्ही काठांवरून एकमेकींना शिव्या देतात, खडे मारतात. त्याचा राग कोणी धरायचा नाही आणि ते भांडण कोणी सोडवायचंही नाही, अशी आमच्या गावची रीत होती.

झुलालच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव बसला. डाव जिंकला की झुलाल घासलेटचा रिकामा डबा काठीने बडवी. दर दणक्याला सुंदर अंथरुणात दचकून उठायची. भिकुबाई बाहेर गेली.

"झुलाल भाऊ, पोरगीले ताप शे. जरासा दम धर ना."

"आज आखाजी शे, माय! आज नही वाजाडाव त कवय वाजाडसू?" झुलाल हसला. "तुनं मुसळ रोज पहाटे आम्हनी झोप उडाडस, आम्ही काही म्हनतस का?"

डबा पुन्हा वाजला. आत सुंदर किंचाळली. अभिमनचं डोकं फिरलं. त्याने उखळातून मला उपसलं आणि तो ओट्यावर धावला.

"डबा बंद कर!"

"नही करत, जाय! काय करी लेशी?"

पहिला घाव डब्यावर बसला. डबा चेपला, पत्ते उडाले. दुसरा झुलालच्या तोंडावर. त्याचे पुढचे दात पडले, रक्त माझ्या लाकडात मुरलं. झुलालने काठीने अभिमनचं कानशील फोडलं. खेळणारे पळाले. दोघं एकमेकांना गुरांसारख्या ढुसण्या देत होते आणि समोरच्या ओट्यांवर माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती.

"आखाजी रंगनी रे!" कोणीतरी ओरडलं.

भिकुबाई हात जोडून सांगत होती, हे खरं भांडण आहे, सोडवा. लोक हसत होते. आखाजीचं भांडण सोडवायचं नसतं ना!

अभिमनने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. खाली झुलालचं डोकं होतं. तेवढ्यात मंजुळाबाई मध्ये घुसली. मी तिच्या खांद्यावर पडलो. मिरची कुटताना होतो त्याहून कितीतरी बारीक आवाज झाला. ती ओट्यावर कोसळली तेव्हा टाळ्या थांबल्या.

पोलीस पाटलाने अभिमनला चावडीवर नेलं. हाडवैद्याने मंजुळाबाईचा खांदा बांधला. आणि दिवस कलता कलता आमच्या घरात बाळ रडायला लागलं.

भिकुबाईने त्याला साखरेचं पाणी चाटवलं, ते त्याने थुंकलं. शेवटी त्याला घेऊन ती शेजारच्या दारात गेली आणि तिथेच खिळली. तोंडाला फडकं बांधलेला झुलाल उंबऱ्यात बसला होता. तो हलला नाही.

आतून मंजुळाबाईचा आवाज आला, "त्याले भूक लागेल शे. दारमा काब्र उभी शे? मझार ये."

झुलाल बाजूला सरकला. भिकुबाई आत जाऊन गुडघ्यांवर बसली.

"मना हात उठस नही," मंजुळाबाई म्हणाली. "तू धरी ठेव."

पोराने जिला मोडलं, तिच्या छातीशी भिकुबाईने आपला नातू धरला. बाळ पीत होतं आणि भिकुबाई हुंदका दाबत होती, बाळाला धक्का लागू नये म्हणून.

"नी ते मुसळ घरमा ठेऊ नको," मंजुळाबाई म्हणाली.

म्हणून मी इथे आहे. सुंदर बरी झाली, बाळ मोठं झालं. मंजुळाबाईचा हात मात्र खांद्याच्या वर कधी गेला नाही. पुढे तिच्या मुलीची वेणी भिकुबाई घालायची.

मित्रांनो, मला पुन्हा घरात न्या असं मी म्हणत नाही. शेजारी गोंगाट करतील, तुम्हीही करता. भांडायचं तर खुशाल भांडा, घसा बसेपर्यंत ओरडा. पण त्यांच्या दारात जाताना हातात काही घेऊ नका. माझ्यासारख्याला तर मुळीच नको. मला एकदा उचललं की मधे कोण आलं ते मला दिसत नाही.