नवशा तांडेलाच्या नावाचे ठोके

मी एक जुना, करड्या रंगाचा डबा आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला सुया-दोऱ्यांचा डबा वाटेल. पण माझे काम माणसाच्या काळजाचे ठोके फोनवरून पोचवण्याचे.

१९९० साली मुंबईच्या एका इस्पितळाने मला केळव्याच्या नवशाकडे दिले. नवशा तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. त्याच्या छातीत कातडीखाली पेसमेकर होता. काळीज रेंगाळले की ते इवलेसे यंत्र त्याला टोचणी देई. त्यातला सेल सहा वर्षांचा झाला होता, आणि तो कधी उतरतो यावर मी लक्ष ठेवायचे होते.

दर महिन्याला त्याची बायको वत्सला मला फडक्यात गुंडाळून एकनाथच्या खानावळीत नेई, कारण फोन तिथेच होता. नवशाच्या मनगटांना माझे पट्टे, माझ्यावर रिसीव्हर आणि छातीवर एक गोल लोहचुंबक. चुंबक ठेवला की पेसमेकर ठरलेल्या चालीने चाले. ती चाल मंदावली, तर सेल संपत आला असे समजायचे. मी चिवचिवू लागलो की पाहुणे हातातला घास तसाच ठेवून बघत. मला फार मोठेपणा वाटे, खोटे कशाला बोलू!

एके दिवशी इस्पितळातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "चाल थोडी उतरली आहे. आता एकही महिना चुकवू नका."

नवशा टॉर्चचे सेल उन्हात वाळवून पुन्हा वापरणारा माणूस. त्याच्या डोक्यात भलतेच शिरले.

"ह्यो चुंबकच माजा सेल खातो," तो वत्सलाला म्हणाला. "सेल जपून वापरला तर मासेमारीचा मोसम निघंल. पट्टे तुज्या मनगटांना बांद."

"अवो, पन ठोके तुमचे पायजेत ना?"

"ठोका तो ठोका. फोनात त्यांना काय कलतंय?"

वत्सलाने पट्टे बांधले. तिचे काळीज भीतीने धडधडत होते. मला ते परके ठोके लगेच ओळखू आले. मी काय करणार? मला चिवचिवण्याखेरीज काही येत नाही. बाई म्हणाल्या, "ठोके जोरकस आहेत. चुंबक नीट बसला नसेल, पुढच्या वेळी बघू."

नवशा हसला. मला मात्र तेव्हापासून धास्ती बसली. जाळे ओढताना तो मध्येच खाली बसू लागला होता. पुढच्या महिन्यातही पट्टे वत्सलानेच बांधले.

त्यानंतर चार दिवसांनी बाईंनीच एकनाथकडे फोन केला. त्यांनी नवशाच्या ठोक्यांचे जुने कागद ताडून पाहिले होते. "हे ठोके नवशांचे नाहीत. त्यांना आजच्या आज आणा!"

वत्सला अनवाणी किनाऱ्याकडे धावली. होडी पहाटेच्या भरतीला गेली होती. ती हाका मारत राहिली, पण तेवढ्या लांब कोणाचा आवाज जातो?

होडी दोन दिवसांनी परतली. सुकाणूवर रामा खलाशी होता. नवशाला त्यांनी जाळ्यांवर निजवून, तोंडावरून शीड पांघरवून आणले होते.

मित्रांनो, तपासणी चुकवायला कधी दुसऱ्याचा हात पुढे करू नका. यंत्राला ज्याचे मनगट द्याल, त्याचेच ते सांगणार. वत्सला आता मला हात लावत नाही. तिचे काळीज ठणठणीत आहे. ते मीच मुंबईला दोनदा कळवले होते, नवशाच्या नावाने.