थंडीला भिणारा देव

नामग्यालच्या स्वयंपाकघरात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. चूल धडधडत होती आणि तिला अगदी खेटून गोन्बो बसला होता. खिंडीपलीकडून आलेल्या या गृहस्थाच्या अंगात म्हणे देव येई. त्याने लोण्याच्या दिव्याच्या वातीला काळसर भस्म चोळले, मंत्र म्हटला आणि वर तीर्थाचे चार थेंब सोडले. काडी नाही, विस्तव नाही. पण थोड्या वेळाने धूर निघाला आणि दिवा पेटला. बायकांनी जमिनीला डोकी टेकली.

"रोग जळाला," गोन्बो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आता त्या गोळ्या नदीत टाका. देव आणि गोळी एका पोटात नांदत नाहीत."

नामग्यालच्या म्हाताऱ्या वडिलांनी, ज्यांना सारे मेमे म्हणजे आजोबा म्हणत त्या नोरफेलनी, खरोखरच टाकल्या. नदी गोठलेली, त्यामुळे गोळ्या बर्फावरच पडून राहिल्या. क्षयाच्या होत्या त्या. सहा महिन्यांच्या औषधाचे चार महिने झाले होते, दोन उरले होते. आरोग्य केंद्रातली नर्स यांगडोल त्या वेचून घेऊन त्यांच्या घरी गेली. खोकला थांबला म्हणजे रोग गेला असे नाही, औषध अर्धवट सोडले तर तो दुप्पट जोमाने उलटतो, हे तिने परोपरीने सांगितले. मेमेंनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुझ्या गोळीने कधी दिवा लागलाय का, पोरी?"

दुसऱ्या दिवशी गोन्बो पुन्हा दिवा लावत असताना यांगडोल मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याच्या बोटांवर तपकिरी डाग होते. जखमा धुवायची, कोरडी असताना काळसर दिसणारी जांभळी पूड कालवली की तिच्याही बोटांवर तसेच पडत. आणि तीर्थ पाण्यासारखे न पडता मधासारखे ओघळत होते. ती उठली आणि गोम्पातल्या, म्हणजे गावच्या मठातल्या, वृद्ध लामांना भेटून काय पाहिले ते सांगितले.

लामांनी गोन्बोला मोठ्या आदराने बोलावले आणि गोम्पाच्या उघड्या अंगणात, सगळ्या गावासमोर बर्फात बसवले. गोन्बोने भस्म चोळले, मंत्र म्हटला, तीर्थ सोडले. मग पुन्हा म्हटला. दात वाजू लागल्याने मंत्राचेही तुकडे पडले. दिवा ढिम्म. शेवटी त्याने इथे कुणीतरी अश्रद्ध बसले असल्याचे जाहीर केले.

"आमच्या देवांना थंडीची सवय आहे," लामा म्हणाले. "तुमचा जरा नाजूक दिसतो. आत चला, चूल पेटलीये."

आत यांगडोलने स्वतःच दिवा पुढे ओढला. वातीला जांभळी पूड चोळली आणि ओठ फुटल्यावर घरोघरी लावतात ते ग्लिसरीन वर सोडले. मंत्र म्हणून औषधाच्या पाकिटावरची सूचना गंभीरपणे वाचली: रोज एकदा, खंड पाडू नये. धूर निघाला. दिवा पेटला. आधी एक म्हातारी हसली, मग सगळे. दोन्ही एकत्र आले की आपोआप तापून पेट घेतात, फक्त कडाक्याच्या थंडीत पेटत नाहीत, एवढेच यांगडोलने सांगितले.

गोन्बोने चहा संपवला आणि खिंडीची वाट धरली. कुणी अडवले नाही.

"सोनं घेताना आपण घासून बघतो," लामा म्हणाले. "मंत्र घेताना का बघत नाही?"

मेमे खाली मान घालून बसले होते. "तीन दिवस चुकले. उशीर झाला का गं?"

"नाही झाला, मेमे-ले. आजची गोळी आत्ताच घ्या, उद्या डॉक्टरांना दाखवू." तिने त्यांच्या हातावर गोळी ठेवली. "आणि पुन्हा कुणी असा दिवा लावून दाखवला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, कसा लावलास?"