क्रम दोन

"अहो मॅडम, तुमच्या ॲपनं माझं एक बाळ गिळलं!" बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टरनं फोन तिच्या नाकासमोर नाचवला. "काल धाकटी सोळाशे ग्रॅम, आज एकवीसशे! बाळ आहे का भोपळा? डॉक्टर तिला उबेच्या पेटीतून काढायला निघाले होते. मी आडवी आले म्हणून!"

ॲप लिहिणारीनं फोन घेऊन नोंदी उघडल्या. जुळ्या मुली, थोरली आईच्या कुशीत, धाकटी पेटीत. हिनं मात्र बाळाची ओळख नुसत्या आईच्या नंबरावर ठेवलेली. थोरलीचं वजन भरलं की धाकटीची नोंद पुसून ते त्याच जागी बसायचं. आणि ही चूक करावी कुणी? स्वतः जुळ्यातल्या बाईनं! जन्मभर "तू ती का ही?" ऐकलेल्या बाईनं! काय म्हणावं या कर्माला!

"संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर आम्ही आपले कागदावर बरे," डॉक्टर म्हणाले. पोरं वाढवण्यात दहा वर्षं घरी काढल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलं काम होतं.

तिनं कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"प्रत्येक नोंदीला एक, दोन, तीन असा धावता नंबर देऊन टाक," साहेब म्हणाले. "सुटलीस!"

"मग तेच बाळ दोनदा भरलं तरी ॲप हूं की चूं करणार नाही. आईचा नंबर आणि जन्माचा क्रम, दोन्ही मिळून बाळाच्या ओळखीची एकच किल्ली करते."

"जमेल आजच्या आज?"

"न जमून सांगते कुणाला!"

चादरींच्या खोलीत बसून तिनं किल्ली बदलली. ॲप उघडताच आपटून बंद पडलं. जुन्या नोंदी नव्या तक्त्यात न्यायच्याच राहिल्या होत्या! तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, जुन्या बाळांना 'क्रम एक' दिला आणि पुन्हा चालवलं.

सिस्टरनं दोघींची वजनं भरली. दोन्ही टिकली. मग मुद्दाम धाकटीला नवीन बाळ म्हणून पुन्हा घुसवायला गेली, तर ॲपनं ठणकावलं: हे बाळ आधीच नोंदवलं आहे.

"अगं बाई, शहाणं झालं की हे!"

"उद्यापासून वरच्या वॉर्डातही लावा," डॉक्टर जाता जाता म्हणाले. तिला तिथंच उडी मारावीशी वाटली. तिनं मारलीही, छोटीशी.

जुळ्यांची आई भिंतीला धरून उठली. "मला दाखवा ना."

तिनं दोन्ही ओळींवर बोट फिरवलं. दुसरी पुन्हा वाचली. मग पेटीच्या काचेवर हळूच टिचकी मारून म्हणाली, "हजर आहेस गं तू!"