आत्याबाईंच्या मिशा

मैथिलीच्या मुलीच्या कानात नाव टिकत नसे. बारशाला मामीने 'ईशानी' ठेवलं, ते संध्याकाळी पाळण्याखाली टपकन पडलं आणि सकाळी केरात सापडलं. मग 'रेवा' पडलं, मग 'मुक्ता'. नाव नसल्यामुळे मुलगी हलकी होत चालली. वर्षाची होत आली तेव्हा तिला पाळण्याला ओढणीने बांधून ठेवावं लागे, आणि पंखा तर लावायचाच नाही.

हे सगळं मैथिली हर्षलला चोरून फोनवर सांगे. हर्षल मुलीचा बाप. दोघं चार वर्षं एकत्र राहिली, लग्नाचं घोडं पेंड खात राहिलं आणि मुलगी मात्र पोटात आली. मग मैथिलीचे वडील, अप्पा, तिला बाळंतपणाला मिरजेला घेऊन गेले आणि त्यांनी फाटकाला कडी घातली. हर्षलने मुलीला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. त्याला दुसरं काहीच नको होतं.

वकील म्हणाले, "लग्न नाही, तेव्हा मूल आईचं. तुमचा नंबर तिच्यानंतर."

"तिच्यानंतर म्हणजे?"

"म्हणजे ती नसल्यावर."

हर्षल उठला. मैथिलीवर त्याचा अजून जीव होता.

शेवटी मैथिलीच्या आईने सांगितलं, नाव आत्याच्याच तोंडून टिकतं. अप्पा कुरकुरले. "आत्या येऊ दे. तो नको."

"तुझ्या बहिणीला पाठव," मैथिली फोनवर म्हणाली.

"मला बहीण नाही. तुला ठाऊक आहे."

"तरी पाठव."

हर्षल आईची हिरवी इरकल नेसला, झबलं-टोपडं घेतलं आणि मिरजेला गेला. मिशा काढायचं राहूनच गेलं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात खरं. पण तिथे कुणी काका म्हटलं नाही. अप्पांनी स्वतः फाटक उघडलं. मैथिली वाकून पाया पडली.

"भाऊ कसे आहेत?" तिच्या आईने हळूच विचारलं.

"झुरतोय," हर्षल म्हणाला.

"आज तो विषय नको," अप्पा म्हणाले.

बायकांनी मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. रुमालाएवढंही वजन नव्हतं. अंगाला वेखंडाचा वास येत होता. हर्षलला रडू कोसळलं, ते आत्याला शोभलं. त्याने तिच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणाला, "शाल्मली." रीतीप्रमाणे बायकांनी त्याच्या पाठीत धपाटे घातले. नाव टिकलं. मुलगी जड होत गेली, इतकी की त्याची मांडी बधिर झाली. मैथिलीने ओढणी सोडून घडी केली.

"आता सणावाराला येत जा," अप्पा म्हणाले. "हे घर तुमचंच."

हर्षल आतल्या खोलीत जाऊन निऱ्या सोडू लागला. एक सोडली की आत दुसरी. बऱ्याच वेळाने तो तसाच बाहेर आला. शाल्मली त्याच्याकडे झेपावली, दोन्ही मुठींत मिशा धरल्या आणि म्हणाली, "आत्या."

"ओ," हर्षल म्हणाला.

तिने खिडकीकडे बोट केलं. फाटकाबाहेर शर्ट-पँटमधला, तशाच मिशांचा एक माणूस खुळखुळा घेऊन उभा होता. फाटकाला कडी होती.

मैथिलीने त्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"ताई, तेवढी खिडकी लावता? वारं येतंय."

हर्षलने खिडकी ओढून घ्यायला हात वर केला. बाहेरच्या माणसानेही हात वर केला. शाल्मलीने त्याला टाटा केला.