तांबड्या दोऱ्याची गाठ

गाव तिला जाळेवाली म्हणायचं, आणि तिच्या घराला तळ्याकाठचं घर. कसलं डोंबलाचं तळ्याकाठचं! पूर्वी ओट्यावर बसून पाय सोडले की पाण्यात भिजायचे. आता त्या ओट्यावरून पाणी दिसतसुद्धा नव्हतं. एकेक उन्हाळा आधीच्याच्या वरताण निघाला, वरचे ओढे आटले आणि तळं मागे सरत सरत अर्ध्या तासाच्या वाटेवर जाऊन बसलं.

तिचा बाप जाळी विणायचा, त्याचा बापही तेच करायचा. जाळं पट्ट्यापट्ट्यानं विणायचं आणि मग पट्टे जोडायचे. दुसरे विणकर जोडाच्या शेवटी निरगाठ मारून मोकळे व्हायचे. या घरात मात्र सुरगाठ, आणि तिचं टोक तांबड्या दोऱ्याचं, करंगळीएवढं जाड, म्हणजे गढूळ पाण्यातही हाताला लागावं. पाण्याखाली कुणी गुरफटला तर दोरा ओढायचा. जोड सरसर उसवायचा, माणूस बाहेर. आजोबांचा सख्खा भाऊ स्वतःच्याच जाळ्यात अडकून गेला होता, तेव्हापासूनची ही रीत. बाप म्हणायचा, "जाळं माशाला, दोरा माणसाला."

पोरांनाही त्यानं हे असंतसं शिकवलं नाही. धाकट्याला जाळ्यात गुंडाळून खुशाल पाण्यात सोडायचा आणि काठावर तिला आकडे मोजायला लावायचा. दहाच्या आत धाकटा वर, दात काढत. म्हणून त्याचं नाव बेडूक पडलं. "ताई, किती झाले?" एवढंच विचारायचा. अकरा कधी झालेच नाहीत.

बेडकाला पलीकडच्या काठाची बायको मिळाली, तिकडेच त्यानं संसार थाटला. तेव्हा अलीकडे-पलीकडे असं काही नव्हतंच. होडीत बसलं की भाकरी गार व्हायच्या आत पोचायचं. मग मासे संपले. जाळेवालीनं हातपाय गाळले नाहीत, तिचा स्वभावच नव्हता तो. टोमॅटोच्या शेडवर घालायची जाळी विणली, फुटबॉलच्या गोलची विणली. गाव सोडून चाललेल्यांच्या ट्रकवर सामान बांधायची जाळी तर इतकी विणली, की अर्धं गाव तिच्याच हातच्या जाळ्यात बांधून शहराकडे गेलं म्हणा ना! तिचा नवराही गेला, एका शीतगृहात कामाला. तो फोनवर रोज म्हणायचा, "तूही ये." ती म्हणायची, "आईला कुठं ठेवू?" आई अंथरुणाला खिळली होती. तिला हलवणं म्हणजे तिचा जीव घेणं.

उरलेल्या पाण्यावरून दोन्ही काठ एकमेकांच्या जिवावर उठले. आधी शिव्या, मग दगड, मग पंप जाळले आणि शेवटी गोळ्या चालल्या. पुलावर पहारा बसला, परवान्याशिवाय कुणाला सोडेनात. ज्यांच्या लग्नात एकमेकांनी पंगती वाढल्या, ती माणसं एकमेकांची तोंडं बघेनात. तहान लागली की नाती आठवत नाहीत, दुसरं काय!

अशात गावच्या पंपाचा मुकादम तिच्या दारात आला. पंपासमोर पाण्यात आडवं जाळं टाकायचं होतं, तळापासून वरपर्यंत, पलीकडचं कुणी आत शिरू नये म्हणून. वर्षभर पुरेल एवढं काम होतं. तिनं पहिले दोन पट्टे जोडून दाखवले. मुकादमानं सहज तांबडा दोरा ओढला आणि जोड त्याच्या पायाशी उसवून पडला.

"बाई, हे काय? चोरांसाठी दार ठेवलंय?"

"आमच्या घरची रीत आहे. माणूस अडकला तर..."

"माणूस अडकायलाच तर टाकतोय! निरगाठ मारा. जमत नसेल तर तसं सांगा, कारखान्यातून तयार मागवतो."

काम गेलं असतं तर गाव सोडावं लागलं असतं, म्हणजे आईला वाटेतच पोचवावं लागलं असतं. तिनं निरगाठी मारल्या. भिजल्यावर आणखी आवळतील अशा, पक्क्या. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की गाठ निरगाठ असली तरी बोटांनी सवयीनं प्रत्येक गाठीत तांबडा दोरा ओवलाच होता. कात्री तिनं हातात घेतलीही. पण दोऱ्याशिवाय ते जाळं तिला परक्या घरचं वाटायला लागलं. बापाची तेवढी तरी खूण राहू दे, असं म्हणून तिनं कात्री खाली ठेवली. मुकादमानं दोरे ओढून पाहिले, एकही सुटला नाही. तो खूश झाला.

जाळं पाण्यात पडलं आणि पंधरा दिवसांत आईनं अन्न सोडलं. दिवसातून दहादा विचारायची, "बेडूक आला का गं?"

दोन्ही काठांना जाऊ शकणारा एकच माणूस होता, ट्रकवाला. लांबचा वळसा घालून तो दोन दिवसांनी पलीकडे पोचायचा. त्याच्याकडून आईचा निरोप गेला. बेडकाचं उत्तर आलं: परवाना मागितलाय, नाही दिला तर पोहत येतो, ताईला म्हणावं चहा ठेव. ते ऐकून आई किती दिवसांनी हसली! जाळेवालीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"ट्रकवालेदादा, त्याला सांगा, पोहत येऊ नको. पंपासमोर जाळं टाकलंय."

"कुणाचं जाळं? तुमचंच ना?"

"माझंच," ती म्हणाली. पुढचं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. निरगाठी मारल्यात म्हणावं, दोऱ्यावर विसंबू नको म्हणावं. पण ट्रकवाल्यानं आयुष्यभर माल बांधला तो तिच्या बापाच्या हातच्या दोऱ्यांनी. त्याच्यासमोर हे कसं सांगायचं? लाज वाटली तिला. जळो ती लाज! "येऊ नको म्हणावं, बस," एवढंच ती बोलली.

चार दिवसांनी ट्रकवाला परतला. सकाळची वेळ होती, ती आईला पाणी पाजत होती.

"सांगितलं हो त्याला," तो दारातूनच म्हणाला. "परवाना नाही मिळाला. जाळ्याचं म्हटलं तर हसायला लागला. म्हणाला, ताईच्या हातचं जाळं? मग काळजी कसली! दोरा ओढीन आणि दहाच्या आत वर येईन. आज पहाटे निघणार होता. पोचला नाही अजून?"

तिच्या हातातलं भांडं पडलं. ती धावत सुटली. भेगाळलेल्या तळातून, पालथ्या पडलेल्या होड्यांमधून अर्ध्या तासाची वाट. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती धावता धावता आकडे मोजायला लागली होती. दहा झाले. अकरा झाले. पुढे ती मोजतच राहिली.

पंपावरच्या माणसांनी जाळं काठावर ओढून घेतलं होतं. सुरीनं कापून त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. तोंडावर कुणीतरी आपला टॉवेल टाकला होता. तिनं टॉवेल उचलला नाही, आधी हात पाहिले. दोन्ही मुठींत तांबडा दोरा होता, घट्ट, बोटांना पीळ देऊन धरलेला. नखं उलटली होती. गाठ मात्र जशीच्या तशी होती.

"मी मारलं रे तुला," ती म्हणाली. "निरगाठी मारल्यात एवढं तरी कळवायला हवं होतं मी. कळलं असतं तर तू कापायला सुरी तरी आणली असतीस."

मुकादम बाजूला मान खाली घालून उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ होता हे आम्हाला काय माहीत?"

बेडकाच्या मुठी सोडवायला तिला बराच वेळ लागला.

त्याला मांडीवर घेऊन बसली होती, घरी आली तेव्हा तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. जमिनीवर पाणी ठिबकत होतं. आईनं डोळे न उघडताच तो आवाज ऐकला.

"बेडूक आला ना?"

"आला, आई."

"पोहत आला असेल, द्वाड कुठला! भिजलाय, त्याला टॉवेल दे आधी."

जाळेवालीनं दोरीवरचा टॉवेल काढला आणि तो हातात घेऊन ती आईच्या उशाशी बसून राहिली.