पडली की पाडली

आमच्या खाडीकाठी बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड पडली, म्हणजे समुद्राने. खांड पाडली, म्हणजे माणसाने. फरक एका कान्याचा. पडली, तर घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन धावायचा, मग घरात बारसं असो की बारावं. पाडली, तर पाडणाऱ्याला गाव वाळीत टाकायचं. मी लहान असताना एकाने कोळंबीच्या लोभाने बांध कोरला होता. त्याच्या पोरीच्या हळदीला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आणि खांड पडल्याची पहिली हाळी द्यायचा मान होता माझ्या बाबांचा, काशिरामचा.

पुढे शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या, इमारती आल्या, भाडेकरू आले. बांधाची डागडुजी एकट्या घराने होत नसते. खारं पाणी झिरपत राहिलं आणि चार वर्षं शेतात भाताचं एक रोप तगलं नाही. मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला; आई गेलेली; घरात बाबा आणि मी. बाबा सकाळी जेवलेलं दुपारी विसरायला लागले होते.

अशात पनवेलचा अदीब घरी आला. तो एका संस्थेसाठी खाडीकाठच्या पडीक जमिनी शोधत होता.

“ताई, जमीन तुमच्याच नावावर राहील,” तो म्हणाला. “फक्त दर्याला आत येऊ द्यायचं. तिवरं वाढतील, खारफुटीचं रान होईल, चिखलात कार्बन साठेल, त्याचं सर्टिफिकेट मोठ्या कंपन्या विकत घेतील. त्यातला हिस्सा तुम्हाला तीस वर्षं मिळेल, इन्शाल्ला.”

हवा विकून पैसे मिळतात हे ऐकून मला हसू आलं होतं. पण पोरगा सचोटीचा होता, आणि मी कामावर असताना बाबांजवळ बाई ठेवायची तर पैसे हवेच होते.

“कसला कागद, वसू?” सही करताना बाबांनी विचारलं.

“जमीन भाड्याने देतोय,” मी म्हणाले. बांध फोडायचाय हे सांगितलं नाही. सांगायची हिंमतच झाली नाही, उगाच खोटं कशाला बोलू. जेसीबी यायचा त्या दिवशी मी त्यांना बेलपाड्याला हौसाआत्याकडे नेऊन सोडलं.

पुढच्या पुनवेला भर दुपारी उधाण आलं आणि पाणी शेतात शिरलं. बाबांनी ओट्यावरून पाहिलं. “खांड पडली वो! खांड पडली!” ओरडत ते गल्लीभर फिरले. इमारतींच्या गॅलऱ्यांत दोन-चार बायका आल्या, बघून आत गेल्या. शेवटी बाबा एकटेच फावडं घेऊन पाण्यात उतरले. अदीब तिथे तिवरांची रोपं मोजायला आला होता म्हणून बरं. छातीभर पाण्यातून त्याने त्यांना ओढून काढलं आणि मला फोन केला. आठ दिवस ताप उतरला नाही.

म्हणून अमावस्येला मी रजा टाकून घरीच थांबले. पाणी चढायला लागलं तसे बाबा उठले.

“वसू, खांड पडली का पाडली?”

“पडली,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते फावडं शोधायला लागले. फावडं मी लपवलं होतं, तर नुसत्या हातांनी निघाले. दार अडवलं तर मला ढकलून गेले. पंच्याहत्तरीचा म्हातारा, पण त्या वेळी अंगात दहा माणसांचं बळ. बांधापर्यंत मी त्यांच्या मागे रडत पळाले.

त्यापुढच्या पुनवेला पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी मी खरं सांगितलं.

“पाडली.”

“कोनी?”

अदीबचं नाव ओठांवर आलं होतं. पण त्यानेच तर त्यांना पाण्यातून काढलं होतं.

“मी.”

बाबा होते तिथेच खाली बसले. “तू भातावर नाय का वाढलीस, बाय?” एवढंच म्हणाले. बांधाकडे गेले नाहीत. त्या दिवशी माझ्या हातचं जेवलेही नाहीत. संध्याकाळी सगळं विसरून त्यांनी चहा मागितला, आणि मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

औषध सापडलं होतं. आता दर पंधरवड्याला उधाण येतं, ते विचारतात, मी सांगते, ते घरात राहतात. त्यांना ते दर वेळी नव्याने कळतं.

तिवरं कमरेएवढी झाली. बगळे आले, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या आल्या. पहिला हिस्सा जमा झाला, बाबांजवळ बाई ठेवली. अदीब पेढे घेऊन आला. सगळं त्याने सांगितलं होतं तसंच झालं, म्हणून कोणावर चिडायचीही सोय नाही.

गेल्या अमावस्येला मी नेहमीसारखं “मी पाडली” म्हणाले. बाबा बसले नाहीत. जवळ आले, माझ्या तोंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “कोनाला बोलू नको. मी बघतो.”

आणि चप्पल न घालता बाहेर पडले. बांधाकडे नव्हे, इमारतींकडे. मी त्यांच्या चपला घेऊन मागे धावले. गेटपाशी चार-सहा माणसं उभी होती. त्यांच्यापुढे बाबांनी हात जोडले.

“खांड मी पाडली. काशिरामनं. माज्या पोरीला यातलं कायपन म्हाईत नाय.”

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण मोबाइलमध्ये परत घुसला. वॉचमन भला माणूस. त्याने आपली खुर्ची पुढे केली. “बैठो काका, धूप है.”

बाबा दोन पावलं मागे सरले.

“नको बाबा,” ते म्हणाले. “माज्यासंगं बोलू नको. तुलापन वाळीत टाकतील.”